दिवाळीनंतरचा सोमवार

उल्हास परचुऱ्यांना दुसऱ्याच्या मनातलं बाहेर काढता येत असे. यात जादू काही नव्हती, त्यांची नोकरीच ती होती. गुडगावात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि दोन इमारतींच्या मधल्या रानात अजून मोहरी फुलत होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. वॉशिंग मशिन बनवणारी एक विदेशी कंपनी नव्या धोरणाच्या वाऱ्याबरोबर देशात आली होती. तिच्या गुडगावच्या ऑफिसात परचुरे माणसांचं खातं बघत. दर एप्रिलात कंपनीतल्या प्रत्येक माणसाने वर्षाचं आपलं उद्दिष्ट ठरवायचं, असा तिथला दंडक होता. साहेब आणि हाताखालचा माणूस समोरासमोर बसायचे आणि यंदा काय करून दाखवायचं ते बोलून पक्कं करायचे. या प्रकाराला सगळं ऑफिस नुसतं ‘बैठना’ म्हणे. एप्रिलभर लोक एकमेकांना कॉरिडॉरमध्ये गाठून विचारत, “आपका बैठना हो गया?”

अशा प्रत्येक बैठकीत तिसरी खुर्ची परचुऱ्यांची. पहिल्या वर्षी ती नव्हती, आणि त्या वर्षी जे काही निघालं ते ऐकून परदेशातून आलेल्या साहेबाने कपाळाला हात लावला होता. कुणी म्हणालं, मेहनत करीन. कुणी म्हणालं, ग्राहकाला खूश ठेवीन. कंपनीचं नाव रोशन करणारे तर मजल्यामजल्यावर निघाले. ही उद्दिष्टं नव्हती, नवस होते, आणि नवसाचा हिशेब कुणी कुणाला विचारत नाही.

परचुऱ्यांनी मग एक प्रश्न शोधून काढला आणि तो शेवटपर्यंत बदलला नाही. माणूस आपलं नाव रोशन वगैरे बोलून झाला की ते चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि विचारत, “दिवाली के बादवाले सोमवार को मैं आपके टेबल के पास आके खड़ा रहूँगा, तो मेरे को क्या अलग दिखेगा?” दिल्लीच्या पाण्याने परचुऱ्यांच्या केसांचा रंग घालवला, पण त्यांची हिंदी पुण्याची ती पुण्याचीच राहिली. माणूस आधी हसे. मग डोकं खाजवी. मग गप्प बसे, आणि त्या गप्प बसण्यात परचुरे अजिबात लुडबुड करत नसत. थोड्या वेळाने तो जे बोले, ते खरं असे.

काहीच वेगळं दिसणार नसेल तर ते उद्दिष्ट नव्हे. दिसेल, पण ते घडवणं त्या माणसाच्या हातात नसेल, तर तेही नव्हे. आणि एका माणसाला एक, फार तर दोन. बारा ठरवली की एक ना धड भाराभर चिंध्या. एवढंच त्यांचं शास्त्र. करोल बागेच्या दुरुस्ती केंद्रावर द्वारकाप्रसाद नावाचे गृहस्थ होते. त्यांनी तक्रारी निम्म्यावर आणायचं ठरवलं आणि खरंच आणल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परचुरे एका दुपारी तिथे नुसते जाऊन बसले, तर फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवलेला. फोन लागलाच नाही तर तक्रार येणार कुठून? परचुरे चिडले नाहीत. चूक द्वारकाप्रसादांची थोडी, उद्दिष्टाची जास्त, असं त्यांचं म्हणणं. दोघांनी मिळून नवं ठरवलं: एकदा दुरुस्त केलेलं मशिन त्याच दुखण्यासाठी पुन्हा उघडायला लागू नये. द्वारकाप्रसाद सहा महिने परचुऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होते. दिवाळीनंतरच्या सोमवारी त्यांनीच परचुऱ्यांना गाजर हलवा खाऊ घातला.

आता असा माणूस स्वतःच्या बाबतीत काय करत असेल? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्याने केली त्याने परचुऱ्यांना बघूनच केली असावी.

परचुरे मूळचे पिंपरीच्या एका कारखान्यातले. कंपनीने त्यांना घेतलं तेव्हा पुण्याजवळ तिचा नवा कारखाना उभा राहायचा होता. तोवर दोन वर्षं गुडगावला या, असं ठरलं. बायको विनया पुण्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवत होती. कायम नोकरी, मुख्याध्यापिका होण्याची वाट दिसत असलेली. मुलगी वल्लरी आठवीत. दोन वर्षांसाठी तिघांचं बिऱ्हाड कशाला हलवायचं, असं म्हणून परचुरे एकटे आले. पुण्याजवळचा कारखाना वेळेत उभा राहिला. त्यांची दोन वर्षं मात्र संपता संपेनात.

गुडगावात एका चौधरींच्या घराच्या वरच्या मजल्यावर ते राहत. गच्चीवरून एका बाजूला क्रेन दिसत आणि दुसऱ्या बाजूला म्हशी. कंपनीची बस संध्याकाळी कोपऱ्यावर सोडी. तिथून घरापर्यंत रस्ता म्हणून जे काही होतं त्यावरून ते सांभाळून चालत. चौधरीणबाई चांगल्या होत्या, पण त्यांची हरियाणवी परचुऱ्यांना कळत नसे आणि परचुऱ्यांची हिंदी त्यांना. दोघं एकमेकांना बघून मान हलवत. जानेवारीत वीज गेली की परचुरे रजईत स्वेटर-मोज्यांसकट बसून राहत आणि कुणाशी तरी मराठीतून बोलावं असं त्यांना इतकं वाटे, की ते वरणाला फोडणी देताना स्वतःशीच बोलत. मोहरी तडतडली की म्हणत, “झालं हं.” कुणाला म्हणत होते, देव जाणे.

पहिली काही वर्षं रविवार बरा जाई. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये अंबादास म्हणून त्यांचा कॉलेजातला मित्र होता, केंद्र सरकारच्या नोकरीत. परचुरे दोन बस बदलून त्याच्याकडे जात, जेवत, वाद घालत आणि आठवड्याची मराठी एका दिवसात बोलून घेत. मग अंबादासची बदली नागपूरला झाली. तो गेला त्याच्या पुढच्या रविवारी परचुरे सवयीने उठले, बस धरली आणि त्या क्वार्टरच्या खाली जाऊन उभे राहिले. वरच्या बाल्कनीत दुसऱ्याच कुणाची साडी वाळत होती. तेव्हा त्यांना कळलं की आपण कशाला आलो आहोत ते आपल्यालाही माहीत नाही. उगीच आलो असं व्हायला नको म्हणून ते चालत सरोजिनी नगरच्या बाजारात गेले, एक मफलर घेतला आणि परत आले. घरी तसलाच एक मफलर होता.

हे सगळं संपवणं अवघड नव्हतं. वर्षातून एकदा, एप्रिलात, परचुऱ्यांचं स्वतःचंही ‘बैठना’ असे. समोर हरीश खुराना, त्यांचे साहेब. मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा दिल्लीकर. तिसरी खुर्ची आली त्याच वर्षी त्यांनी विचारलं होतं, परचुरेजी, तुम्ही सगळ्यांना विचारता, आज मी तुम्हाला विचारतो. तुम्हाला काय हवं आहे? कुठे जायचं आहे?

परचुऱ्यांच्या ओठांवर पुणे होतं. तोंडातून आलं, “मेरा क्या सर, कंपनी जिधर बोलेगी उधर.”

हे ते खोटं बोलले असं कुणी समजू नये. परचुऱ्यांच्या घरात स्वतःच्या तोंडाने मागायची पद्धतच नव्हती. पंगतीत जिलबी आली की म्हणायचं, पुरे. वाढणारा म्हणणार, घ्या हो. आपण पानावर हात आडवा धरायचा. त्याने बोटांच्या फटीतून एक सोडायची, आणि मग आपण ती मिटक्या मारत खायची. ‘आणा दोन’ असं म्हणणारा अधाशी. परचुऱ्यांच्या आईने त्यांना लहानपणी मांडीला चिमटे काढून हे शिकवलं होतं. तेव्हा ‘कंपनी बोलेल तिथे’ म्हणून परचुऱ्यांनी पानावर हात धरला होता, आणि आता आग्रह करायची पाळी हरीश खुरानांची होती. त्यांनी म्हणायचं होतं, छे छे, असं कसं, घरी बायको आहे, मुलगी आहे, तुम्हाला आम्ही पुण्यालाच धाडणार.

हरीश खुराना म्हणाले, “वाह! यही स्पिरिट चाहिए,” आणि त्यांनी चहा मागवला.

गंमत बघा, याच हरीश खुरानांच्या घरी परचुरे जेवायला गेले की त्यांना पट्टा सैल करायला लागे. ‘बस’ म्हणालं की एक पराठा, ‘बिल्कुल नहीं’ म्हणालं की त्यावर लोण्याचा गोळा. पराठ्याचा इतका आग्रह करणारा माणूस पुण्याचा आग्रह करीना. त्यात त्यांचा दोष नव्हता. ऑफिसात माणूस जे बोलतो तेच त्याला हवं असतं, असं ते धरून चालत. परचुरेही दुसऱ्यांच्या बाबतीत तेच तर शिकवत होते.

दुसऱ्या एप्रिलात तोच प्रश्न, तेच उत्तर, तोच चहा. तिसऱ्या एप्रिलात परचुऱ्यांनी सूर जरा पडका लावून पाहिला. हरीश खुरानांना वाटलं, त्यांना सर्दी झाली आहे. पुढे पुढे तर ते प्रश्न हसत हसतच विचारू लागले, आणि ऑफिसात बोलवा झाला की परचुरेजींसारखा समाधानी माणूस अख्ख्या दिल्लीत नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. परचुऱ्यांकडे ती येऊन राहिली, आणि त्यांनी तिलाही जा म्हटलं नाही.

आणि पुण्याला? दर रविवारी सकाळी परचुरे फोन करत. गॅस आला का, वल्लरीला किती मिळाले, टाकीचं पाणी येतंय ना, अशी सगळी विचारपूस होई. शेवटी विनया विचारी, तिकडे बरं चाललंय ना? परचुरे म्हणत, उत्तम. ती म्हणे, मग झालं तर. फोन खाली. दोन शिकलेली, शहाणीसुरती माणसं. एक बाराशे मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी, दुसरा अख्ख्या कंपनीला मनातलं बोलायला लावणारा. आणि वर्षानुवर्षं एवढंच. राग येतो, पण कुणाला काय बोलणार? आपल्या घरातल्या फोनवर तरी दुसरं काय चालतं!

मध्ये वल्लरी इंजिनिअरिंगला बंगळूरला गेली. विनया फोनवर म्हणाली, घर जरा मोठं वाटतंय. परचुरे म्हणाले, हो, वाटणारच. पुढे म्हणाली, खालच्या मजल्यावर चोरी झाली म्हणून आपण कुलूप बदललं, नवीन चांगलं भक्कम आहे. परचुरे म्हणाले, बरं केलंस.

त्याच सुमारास सुखदा नावाची मुलगी त्यांच्या खात्यात आली. पुण्याचीच, पंचविशीतली, सरोजिनी नगरजवळ पेइंग गेस्ट म्हणून राहणारी. दुपारी दोघं डबा एकत्र खात. तिच्या मराठीत निम्मं ‘यार’ आणि ‘अच्छा’ असे, तरी ती मराठी होती. परचुऱ्यांचा दिवस त्या अर्ध्या तासाभोवती फिरू लागला. त्यांनी तिला सगळं शिकवलं: प्रश्न कसा विचारायचा, विचारल्यावर गप्प कसं बसायचं, आणि समोरचा जे टाळतोय तेच त्याला हवं असतं हे कसं ओळखायचं.

तिच्या पहिल्या बैठकीत तिनेही सुरुवात नाव रोशन करण्यानेच केली. परचुऱ्यांनी चष्मा काढला आणि तिला मराठीत विचारलं. ती लाल झाली. मग म्हणाली, “खरं सांगू सर? दिवाळीनंतरच्या एखाद्या सोमवारी मी तुम्हाला इथे दिसणारच नाही. पुण्याच्या कारखान्यात दिसेन. यंदा नाही तर पुढच्या वर्षी. बाबा नाहीत, आई एकटी असते.”

परचुरे म्हणाले की मग हेच हरीशसाहेबांना सांग. लाजू नकोस, रडगाणं गाऊ नकोस. कुठे जायचंय, त्यासाठी काय शिकायला हवं आणि त्यातलं किती येतं, एवढं सरळ सांग. तिला काय शिकायला हवं तेही दोघांनी मिळून पक्कं केलं. कामगारांच्या प्रशिक्षणाचा एक वर्ग तिने एकटीने उभा करून दाखवायचा. तिने दोन केले. हरीश खुरानांना तिने आपल्या तोंडाने पुण्याचं नाव सांगितलं, आणि नंतर आठवणही करून दिली. परचुऱ्यांना तिचं कौतुक वाटलं. थोडं तिच्यासारखं व्हावंसंही वाटलं.

पुढच्या वर्षी पुण्याच्या कारखान्यातली माणसांच्या खात्याची मोठी खुर्ची रिकामी होणार असल्याची बातमी आली. अनुभवाने, वयाने, कशानेही ती त्यांचीच होती. कुणाला न सांगता त्यांनी सरोजिनी नगरला जाऊन दोन मोठ्या बॅगा घेतल्या आणि पलंगाखाली सारल्या. त्या वर्षीच्या एप्रिलात ते बैठकीला जाताना दोनदा चेहरा धुऊन गेले. हरीश खुरानांनी विचारलं, बोला परचुरेजी, काय हवं?

परचुऱ्यांनी सगळा धीर गोळा केला. “सर, आपको तो मालूम ही है.”

“बिल्कुल मालूम है,” हरीश खुराना प्रेमाने म्हणाले, आणि चहा आला.

एवढ्यावर परचुरे तरंगत घरी गेले. इतकं उघड ते आयुष्यात कधी बोलले नव्हते. चौधरीणबाईंना त्यांनी स्वतःहून नमस्कार केला. पुढच्या रविवारी फोनवर विनयाला म्हणाले, कदाचित एखादी बातमी असेल. कसली, म्हणून तिने विचारलं नाही. बघू, एवढंच म्हणाली.

मे महिन्यात हरीश खुरानांनी त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर मिठाईचा डबा उघडा होता. काजूकतली परचुऱ्यांच्या हातावर ठेवत ते म्हणाले की अभिनंदन, तुमची शिष्या पुण्याला चालली. सुखदाला खुर्ची मिळाली. वय लहान आहे, पण तयारी बघा पोरीची, आणि ती तयारी कुणी करून घेतली ते आम्हाला माहीत नाही का!

परचुऱ्यांनी काजूकतली तोंडात ठेवली. ती खाऊन होईपर्यंत बोलायला लागणार नव्हतं, ते बरं झालं. मग त्यांनी विचारलं, माझं नाव निघालं होतं का?

हरीश खुरानांना खरोखर आश्चर्य वाटलं. “सबसे पहले आप ही का नाम आया था। मैंने ही कहा, परचुरेजी को मत छेड़ो, वो यहाँ खुश हैं। परचुरेजी, मैं हर साल आपसे पूछता हूँ। आपने एक बार भी पुणे का नाम नहीं लिया।”

त्यात टोमणा नव्हता. नुसतं खरं होतं. परचुरे बाहेर आले. सुखदा त्यांच्या पाया पडायला आली, तिला त्यांनी मनापासून आशीर्वाद दिला. मनापासून दिला हे महत्त्वाचं, कारण त्या दिवशी तो तसा देणं सोपं नव्हतं. संध्याकाळी कोपऱ्यावर बसमधून उतरल्यावर त्यांचे पाय घराकडे वळेनात. इतकी वर्षं हरीश खुराना आपल्याला वाढत होते आणि आपण पानावर हात धरून बसलो होतो. पंगत उठली, आणि आपण उपाशी राहिलो, हे त्यांना रस्त्यात उभं राहून कळलं. डोळे भरून आले तसे ते फोनच्या बूथमध्ये शिरले.

रविवार नसताना फोन आला म्हणून विनया घाबरली. बरं आहे ना सगळं, म्हणाली. परचुऱ्यांनी बरं-वाईट काही सांगितलं नाही. विचारलं, “मी परत यावं असं तुला वाटतं का?”

पलीकडून आवाज आला, “तुमची मर्जी. तिकडे चांगलं चाललंय तुमचं.”

एरवी परचुरे इथेच थांबले असते. मग झालं तर, म्हणून फोन ठेवला असता. पण तो सूर त्यांच्या ओळखीचा होता. दर एप्रिलात त्यांनी तोच लावला होता. इतकी वर्षं दोघंही पानावर हात धरून बसले होते, आणि वाढायला कुणीच उठलं नव्हतं. त्यांनी आपोआप चष्मा काढला.

“मर्जी नाही विचारत, विनया. दिवाळीनंतरच्या सोमवारी मी आपल्या घरात आलो, तर तुला काय वेगळं दिसायला हवं?”

ती गप्प झाली. परचुरेही गप्प राहिले. ते त्यांना येत होतं. बूथवाल्याने काचेवर टकटक केली, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

“दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते ना,” विनया म्हणाली, “त्या सोमवारी मी घरी येईन, तेव्हा दाराला कुलूप नसावं.” आणि लगेच म्हणाली, कुकरची शिट्टी झाली, ठेवते. परचुऱ्यांना शिट्टी ऐकू आली नव्हती.

त्यांनी हजारभर माणसांची उद्दिष्टं ऐकली होती. इतकं नेमकं, इतकं लहान आणि इतकं परचुऱ्यांच्या हातातलं कुणीच सांगितलं नव्हतं. आणि ते ऐकायला त्यांनी एवढी वर्षं लावली.

दुसऱ्या दिवशी ते हरीश खुरानांसमोर जाऊन उभे राहिले. एप्रिल नव्हता, कुणी बोलावलंही नव्हतं. म्हणाले, “सर, मेरे को पुणे जाना है।” हरीश खुराना बघतच राहिले. मग बिचारे कळवळले. आता तिथे कारखान्यात शिकवणाऱ्याची एक लहानशी जागा तेवढी आहे, म्हणाले, आणि ती सुखदाच्या हाताखाली. काल तुमच्याबरोबर डबा खाणारी पोरगी तुमची साहेब होईल, तुम्हाला कसं वाटेल? नाहीतर थांबा, वर्षा-दोन वर्षांत काहीतरी बघतो.

“चलेगा,” परचुरे म्हणाले. कशाला चलेगा ते हरीश खुरानांना समजेना, म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं, “सुखदा के नीचे चलेगा।”

सुखदाचा मात्र जीव अर्धा झाला. पुण्याहून तिने फोन केला. म्हणाली, सर, तुमचं बैठना मी कसं घेऊ? परचुरे म्हणाले, तोच प्रश्न विचार की. तिने चाचरत विचारला. परचुऱ्यांनी सांगितलं, “कारखाना साडेचारला सुटतो. त्यानंतर मी तुला टेबलाशी दिसणार नाही.” ती हसली. परचुरे हसले नव्हते.

गुडगावची कामं सोपवता सोपवता दिवाळी आली. ती परचुऱ्यांनी एकट्याने काढली. चौधरीणबाईंनी एक ताट भरून पाठवलं, ते त्यांनी एकदाही नको न म्हणता घेतलं. विनयाला त्यांनी मंगळवारी पोचतो असं कळवलं होतं, पण तिकीट सोमवारी पोचणारं काढलं होतं. सोमवारी दुपारी झेलम एक्सप्रेसने ते पुण्याला उतरले. रिक्षात बॅगा घातल्या. घराचा जिना चढताना धाप लागली, तरी त्यांनी मध्ये विसावा घेतला नाही. विनया शाळेतून यायला वेळ होता. दार उघडून ठेवू, चहाचं आधण ठेवू, असे बेत ते दिल्लीपासून करत आले होते.

दाराला कुलूप होतं, ते असणारच. परचुऱ्यांनी खिशातून जुडगा काढला. घराची किल्ली त्यांनी गुडगावात इतकी वर्षं रोज खिशात वागवली होती. ती कुलपात शिरली नाही. त्यांनी ती पुसली, फिरवून पाहिली, दुसऱ्या बाजूने लावून पाहिली. मग त्यांना आठवलं: कुलूप बदललं, भक्कम आहे, बरं केलंस.

त्यानंतर ते दोनदा सुट्टीला येऊन गेले होते. दोन्ही वेळा विनया रजा काढून घरात होती, किल्लीची गरज पडली नव्हती. नव्या कुलपाची एक किल्ली विनयाकडे होती, एक वल्लरी सुट्टीला आली तेव्हा बंगळूरला घेऊन गेली होती. परचुऱ्यांसाठी एक करून घ्यावी असं कुणाला सुचलं नव्हतं. परचुऱ्यांनी मागितलीही नव्हती. आपल्या घराची किल्ली मागायची असते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

समोरच्या वैजयंतीबाईंनी दार उघडून पाहिलं आणि आत येऊन बसा म्हणाल्या. परचुऱ्यांनी आभार मानले आणि ते जिन्यातच राहिले. एक बॅग आडवी करून तिच्यावर बसले. येणारे-जाणारे त्यांच्याकडे बघत, काही जण ओळखत, काही जण नाही. ऊन जिन्याच्या खिडकीतून भिंतीवर आलं आणि वर सरकत गेलं. गुडगावच्या गच्चीवर त्यांना इतकं परकं कधी वाटलं नव्हतं, जितकं आपल्या दाराबाहेर त्या बॅगेवर वाटलं.

विनया वर आली ती मान खाली घालून, हातात वह्यांची पिशवी आणि पर्समध्ये किल्ली चाचपडत. शेवटच्या वळणावर तिने वर पाहिलं आणि थबकली. तिचे केस इतके पांढरे झाले आहेत हे परचुऱ्यांनी जिन्यातल्या त्या उजेडात प्रथमच नीट पाहिलं.

“उद्या येणार होतात ना?” ती म्हणाली.

“आज शाळा उघडली.”

तिने कुलपाकडे पाहिलं. मग त्यांच्या हातातल्या जुन्या किल्लीकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. ती काहीतरी बोलणार होती, माझ्या लक्षातच आलं नाही असं काहीतरी. परचुरे उठून उभे राहिले.

“मला या घराची किल्ली हवी आहे,” ते म्हणाले.

आईने मांडीला चिमटा काढला असता इतकं सरळ मागणं. विनयाने वह्यांची पिशवी खाली ठेवली, पर्समधली किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि बाजूला सरकली. परचुऱ्यांनी किल्ली कुलपात घातली आणि जोर करून फिरवली. कुलूप उघडेना. हे कुलूप उलटं फिरतं, हे तिला त्यांना सांगायला लागलं.